मुकादमाला गप्प कसं करावं

कुत्र्याने भुंकू नये, असा ठराव आमच्या इमारतीच्या सभेत बहुमताने मंजूर झाला. ज्याच्याविषयी ठराव होता तो सभेला हजर नव्हता, आणि ज्याच्या घरात तो राहतो तो, म्हणजे मी, खुर्च्या कमी पडल्या म्हणून घरातून खुर्च्या आणायला गेलो होतो. दोन खुर्च्या काखोटीला मारून परत आलो तेव्हा सगळे माझ्याकडे, माझ्या घरात काहीतरी वाईट घडल्यासारखे बघत होते.

"पुढच्या सभेपर्यंत मुदत आहे," सेक्रेटरी म्हणाले. "तोवर भुंकणं थांबलं नाही, तर कुत्रा इमारतीबाहेर." आणि मी आणलेल्या खुर्चीवर ते बसले.

कुत्रा माझा नाही. तो आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. गावातल्या जुन्या खोल्यांत ते एकटे राहत असताना एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हा याने खिडकीत उभं राहून इतका गोंधळ घातला की सगळी गल्ली गोळा झाली. म्हणून मी आप्पांना इथे घेऊन आलो, आणि त्यांच्याबरोबर हाही आला. दिवसभर घरभर फिरून कोण काय करतंय ते बघतो, स्वतः काडीचं काम करत नाही, म्हणून त्याचं नाव मुकादम.

ठरावाची प्रत आप्पांनी चष्मा लावून वाचली. घडी घालून मला परत दिली. म्हणाले, "ठीक आहे. मग आम्ही दोघं जातो."

"अहो आप्पा, दोघं कुठे? फक्त कुत्र्याबद्दल आहे ते."

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणजे त्या जुन्या खोल्यांत, त्या न्हाणीघरात ते पुन्हा एकटे जाणार. आप्पा एकदा बोलले की बोलले. तेव्हा प्रश्न भुंकण्याचा उरला नव्हता. मुकादमाचं तोंड बंद झालं तर वडील घरात राहणार, नाहीतर नाही, इतका सरळ हिशेब होता.

खरं सांगायचं तर आप्पांचं जाणं मला आणखी एका कारणासाठी परवडणार नव्हतं. मी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतो, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय असं धरून चालण्याचा पगार घेतो. संध्याकाळी घरी आलो की दिवसभरात कोणाला कसं पकडलं ते मला कोणालातरी सांगायचं असतं. बायको पहिल्या वाक्याला स्वयंपाकघरात जाते, मुलगी कानात गाण्यांची बोंडं घालते. आप्पा मात्र समोर बसून, माझ्या तोंडाकडे बघत, सावकाश मान डोलावतात. मध्येच उठत नाहीत, शंका काढत नाहीत. माझं बोलणं मन लावून ऐकणारा या घरात तो एकच माणूस.

असो. मुकादम भुंकायचा तो बेल वाजली की. एरवी नाही. बेल वाजली की तो दाराकडे जायचा नाही, तर आप्पांच्या खुर्चीपुढे उभा राहून त्यांच्या तोंडावर भुंकायचा. मग आप्पा उठून दार उघडायचे आणि परत येताना सदऱ्याच्या खिशातून पावाचा तुकडा काढून त्याला द्यायचे. कुत्र्याला दिशेचं भान नाही आणि आप्पांनी त्याला लाडावून ठेवलंय, असे दोन निष्कर्ष मी पहिल्याच दिवशी काढले. दावे तपासणाऱ्याची नजर असते ही.

सल्ले न मागता आले. समोरच्या वहिनींनी पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली. औषधवाला म्हणाला, कानात कापूस घाला. मी विचारलं, कुत्र्याच्या की तक्रार करणाऱ्या खालच्या काकांच्या? तो म्हणाला, ज्याला बसेल त्याच्या. न्हाव्याने माझी हजामत अर्धी सोडून, कुत्र्याला अपमान कळतो, त्याला चारचौघांत टाकून बोला, असं सांगितलं. मी टाकून बोललो. मुकादमाने शेपटी हलवली आणि रस्त्यावरचा एक भला माणूस, आपल्यालाच बोललो असं समजून माझ्यावर धावून आला.

खालचे काका हे या प्रकरणातले फिर्यादी. निवृत्त लेखापरीक्षक. त्यांनी फोनमध्ये आवाज मोजायचं यंत्र बसवून घेतलं आहे, म्हणून सगळी इमारत त्यांना डेसिबल काका म्हणते. ते जिन्यात भेटले की नमस्काराऐवजी आकडा सांगतात.

शेवटी मी मुलीला शरण गेलो. ती मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला काय झालंय ते तिला ठाऊक असतं.

"बाबा, प्राणी दोन तऱ्हांनी शिकतात," ती म्हणाली. "एक अभिजात अभिसंधान, दुसरं साधक अभिसंधान."

अभिजात म्हटल्यावर मला ते चांगल्या घरातलं वाटलं. साधक म्हणजे पहाटे उठून थंड पाण्याने अंघोळ करणारं काहीतरी असणार. मी लगेच अभिजातवर बोट ठेवलं.

"असं निवडता येत नाही रे! नीट ऐक. तुला दवाखान्याचा वास आला की घाम फुटतो ना? सुई अजून लांब असते. वास आणि सुई इतक्यांदा एकापाठोपाठ आलेत की शरीर आपलं आपणच तयार होतं. तू काहीच करत नाहीस. ते अभिजात. आता दुसरं. आईने कपाळाला हात लावला की तू उठून भांडी घासतोस. हे आईला कळलंय. म्हणून ती पुन्हा हात लावते. आपण काहीतरी करतो, त्यातून काहीतरी मिळतं, म्हणून पुन्हा करतो. ते साधक."

"म्हणजे तिचं डोकं दुखत नसतं?" मी विचारलं.

"तू विषय बदलू नकोस," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला मुद्दा कळला. आधी बेल, लगेच बिस्कीट, असं सारखं केलं की बेल वाजताच मुकादमाच्या तोंडाला पाणी सुटेल, आणि तोंडात पाणी असताना कोणी भुंकत नाही. मुलगी म्हणाली, "पण बाबा, तो कशासाठी भुंकतो ते आधी बघ. त्यातून त्याला काय मिळतं?" मी म्हटलं, पहिल्या वर्षाच्या मुलीने बापाला जास्त शिकवू नये. हे वाक्य पुढे मला फार महागात पडलं.

रविवारी सकाळी प्रयोग सुरू झाला. बेल बाहेर, कुत्रा आत, बिस्किटं माझ्या खिशात. म्हणजे मी चपला घालायच्या, बाहेर जायचं, बेल दाबायची, पळत आत यायचं, बिस्कीट द्यायचं, पुन्हा चपला घालायच्या. पहिल्या काही वेळा बायकोने हात पुसत येऊन दार उघडलं. नंतर तिने दार उघडून माझ्याकडे असं पाहिलं की मी दार उघडंच ठेवायला लागलो. दुपारपर्यंत डेसिबल काका वर आले. म्हणाले, "भुंकणं परवडलं, बेल बंद करा."

संध्याकाळी फळ दिसलं. मुकादमाच्या तोंडातून लाळेची धार लागली. मी आनंदाने मुलीला हाक मारली. तिने दोन मिनिटं बघितलं आणि कपाळाला हात लावला, आईसारखाच.

"बाबा, बेल वाजायच्या आधी दर वेळी काय झालं?"

"काय झालं?"

"तू चपला घातल्यास. त्याने बेल नाही, चपला पकडल्या."

त्या दिवसापासून मी चपलेत पाय घातला की मुकादम धावत येतो आणि माझ्या पायावर लाळ गाळतो. ऑफिसला ओल्या पायाने जातो मी. आणि बेल वाजली की तो पूर्वीसारखाच आप्पांपुढे जाऊन भुंकायचा, फक्त आता जरा ओला भुंकायचा. शिकलं कोण म्हणाल तर मी. ऑफिसात साहेबांच्या खोलीतली घंटी वाजली, आणि मी आत जाऊन, काही कळायच्या आत, खिशातलं बिस्कीट त्यांच्यापुढे धरलं. साहेबांनी ते घेतलं. त्यावर दोघांनीही पुढे कधी काही बोलायचं नाही असं ठरून गेलं.

मग मी साधकाकडे वळलो. गप्प बसला की बिस्कीट. आता गप्प बसण्यासाठी आधी भुंकावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नाही, मुकादमाच्या आलं. बेल नसतानाही तो येऊन एकदा भुंकायचा, चटकन थांबायचा आणि माझ्या खिशाकडे बघायचा. बिस्कीट मिळालं की थोडा फिरून यायचा आणि पुन्हा वसुलीला हजर. खाली डेसिबल काका आकडे टिपत होते.

मधेच सेक्रेटरींनी सांगितलं की गुरांच्या सरकारी दवाखान्यातून कुत्र्याच्या वर्तणुकीचा दाखला आणलात तर तुमची बाजू भक्कम होईल. मी रजा टाकून गेलो. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, कुत्र्यांना आत प्रवेश नाही. गुरांच्या दवाखान्यात? तर म्हणे हे कचेरीचं फाटक, दवाखान्याचं मागे, पण ते बंद असतं. खिडकीतला कारकून म्हणाला, कुत्रा समक्ष दाखवल्याशिवाय दाखला नाही. मी लांब फाटकाबाहेर बांधलेला मुकादम दाखवला. "इथून दिसत नाही," तो म्हणाला. "जरा भुंकायला लावा, म्हणजे आहे असं धरतो."

मी चपला काढून पुन्हा घातल्या, शिट्टी वाजवली, नाना तऱ्हा केल्या. शेवटी मुकादम भुंकला. कारकुनाने शिक्का मारून दाखला दिला. त्यावर लिहिलं होतं: 'कुत्रा भुंकतो.' तो कागद मी अजून कोणाला दाखवलेला नाही.

मुदत संपत आली. आप्पांनी कॉटखालची ट्रंक ओढून काढली आणि पुसून ठेवली. त्या ट्रंकेवरून जाताना दर वेळी माझ्या नडगीला लागायचं, आणि तरी मला ती आत ढकलायचा धीर होत नव्हता.

तोडगा काढला वायरमनने. तो म्हणाला, "बेलच बदला की साहेब. कुत्र्याची ओळख आहे ती जुन्या आवाजाशी." आणि त्याने पाखराच्या चिवचिवाटाची बेल लावून दिली. चिवचिवाट झाला. मुकादमाने एक कान उचलला आणि पुन्हा टाकला. मला त्या वायरमनच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मग मी जुनी सगळी चूक सुधारली. मुकादमाची सतरंजी आप्पांच्या खुर्चीजवळून उचलून दाराजवळ टाकली. चिवचिवाट झाला की सतरंजीवर मुकाट बसायचं, बसलं की बिस्कीट, भुंकलं की काही नाही. आणि आप्पांना सांगितलं, खिशातला पाव बंद. तोंडाने सांगितल्यावर त्यांनी नुसती मान डोलावली, म्हणून मी त्यांच्या खिशात हात घालून तुकडे काढून घेतले. त्यांनी खिशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीकडे वळले. माझं मलाच बरं वाटलं नाही. पण भलं त्यांचंच होतं.

मुकादम शिकला. मुलगी म्हणाली, "बाबा, हे चक्क बरोबर केलंस तू!" एवढं कौतुक मला लग्नानंतर कोणी केलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात घराला काय झालं कोण जाणे. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला आणि परत गेला. बायकोने मागवलेलं पार्सल परत गेलं. ज्याच्या पाया पडून बोलावलं होतं तो नळवाला येऊन गेला आणि जाताना फोनवर मला काय काय बोलला. सगळ्यांचं म्हणणं एकच, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं, कोणी दार उघडलं नाही. आम्ही तिघं बाहेर, पण आप्पा तर दिवसभर घरात!

"आप्पा, दार का नाही उघडलंत?" मी समोर जाऊन जरा चढ्या आवाजातच विचारलं.

आप्पा थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "डोळा लागला असेल," म्हणाले.

आप्पा उभ्या आयुष्यात दुपारी झोपलेले नाहीत. पण जगातले सगळे दावे संशयाने तपासणाऱ्या माणसाने हा दावा डोळे मिटून मंजूर केला. वर बायकोला म्हटलं, "मुद्दाम करतायत. पाव बंद केल्याचा राग आहे."

तपासणीचा दिवस उजाडला. सेक्रेटरी आणि डेसिबल काका अचानक येणार होते, आणि किती वाजता अचानक येणार ते त्यांनी आधी कळवलं होतं. मी ऑफिसातून लवकर निघालो. धांदलीत किल्ली तिथल्या टेबलावरच राहिली. घरी पोचलो तर आतलं लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं, बाहेरचं जाळीचं बंद.

मी बेल दाबली. चिवचिवाट झाला. मुकादम सतरंजीवर ताठ बसला आणि माझ्या खिशाकडे बघू लागला. पलीकडे आप्पा खुर्चीत, माझ्याकडे पाठ, पेपर उघडलेला. जागे होते. पान उलटताना मी स्वतः पाहिलं.

मी पुन्हा बेल दाबली. पान उलटलं. "आप्पा!" मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. "आप्पा, मी आहे!" आप्पांनी चष्मा सारखा केला आणि पुढची बातमी वाचायला घेतली.

जाळीला धरून मी तिथेच उभा राहिलो. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. मुकादमाला दिशेचं भान बरोबर होतं. तो बेलवर भुंकत नव्हताच, आप्पांना सांगत होता की दारात कोणीतरी आलंय. भुंकलं की आप्पा उठतात, उठले की पाव मिळतो. आप्पांना बेल ऐकूच येत नव्हती. जुनीही नाही. तेवढाच एक कान त्यांना होता, तो मी बिस्किटं चारून बंद केला. आणि माझ्या ऑफिसच्या गोष्टींना रोज संध्याकाळी डोलणारी ती मान आठवली, तेव्हा मला हसावं की रडावं ते कळेना.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. आप्पांनी गॅसवर दूध ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारातून धूर दिसायला लागला. आणि मागे जिन्यावर पावलं वाजली.

"व्वा, तुम्हीही बाहेरच!" सेक्रेटरी म्हणाले. डेसिबल काकांनी फोन पुढे धरला आणि बेल दाबली. चिवचिवाट झाला. मुकादम सतरंजीवर एखाद्या बक्षीसपात्र विद्यार्थ्यासारखा बसून राहिला. काका पडद्याकडे बघत राहिले. "शांतता," त्यांनी कबूल केलं. "अभिनंदन. कुत्रा राहू शकतो."

जिंकलो होतो. नुसतं उभं राहायचं होतं. पण आत धूर वाढत होता आणि आप्पा पेपर वाचत होते.

"मुकादम," मी जाळीला तोंड लावून म्हटलं, "भुंक."

मुकादम आणखी ताठ बसला.

"भुंक रे बाबा! पाया पडतो, भुंक!"

त्याने सगळ्या कुत्रेजातीची शिस्त एकवटून तोंड मिटून घेतलं. इतकं उत्तम शिकवलं होतं मी त्याला. शेवटी मीच भुंकलो. आधी जरा दबकत, मग लाज सोडून, जाळी हलवत, पोटातून. समोरच्या वहिनी दार उघडून बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या. डेसिबल काकांच्या फोनवर लाल उजेड पेटला. मुकादम माझ्याकडे आ वासून बघत राहिला, आणि मग त्याला काय वाटलं कोण जाणे, उठला, तडक आप्पांच्या खुर्चीपुढे गेला आणि त्यांच्या तोंडावर भुंकला.

आप्पांनी पेपर खाली ठेवला. "आलो, आलो," म्हणत येऊन दार उघडलं. "तुम्ही होय? या." मी त्यांना ओलांडून स्वयंपाकघरात धावलो आणि गॅस बंद केला. पातेल्याची शोभा गेली होती, पण घर वाचलं होतं.

बाहेर आलो तर आप्पा पाहुण्यांसाठी खुर्ची सरकवत होते. डेसिबल काका त्यांच्या पाठीमागून म्हणाले, "काय हो, दूध करपलं वाटतं?" आप्पा खुर्ची सरकवत राहिले. काकांनी जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. आप्पांनी खुर्चीवरची धूळ झटकली. मुकादम एकदाच भुंकला. आप्पा वळले आणि काकांकडे बघून हसले. "काय म्हणालात?"

काकांनी फोन बंद करून खिशात टाकला.

"पण तो भुंकला," सेक्रेटरी म्हणाले. "दोनदा. मी साक्षीदार आहे."

"मला हे भुंकताना दिसले," काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "माणसांबद्दल ठराव नाही." आणि सेक्रेटरींना दंडाला धरून ते जिना उतरले. खालच्या वळणावरून त्यांचा आवाज आला, "आणि ती चिमणी काढा दारातली. डोकं उठतं."

जुनी बेल परत बसली. सतरंजी खुर्चीजवळ गेली. मी आप्पांना, समोर बसून, ओठ नीट हलवत म्हटलं, "कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ या का एकदा?" ते म्हणाले, "का? तुला कमी ऐकू येतं का?" मी म्हटलं, हो. मग ते सोबत यायला तयार झाले. आता दोघांचेही कान तपासायचे ठरलेत, आणि माझ्यात काही दोष निघाला नाही तर मी काय सांगणार आहे ते मला अजून सुचलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी काढून घेतलेल्या पावाऐवजी ताजे तुकडे करून आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवले, आणि त्यांच्यासमोर बसून ऑफिसची गोष्ट सांगायला सुरुवात केली. ते माझ्या तोंडाकडे बघत मान डोलावत होते. मीही थांबलो नाही.

बेल वाजली. मुकादमाने माझ्याकडे, माझ्या खिशाकडे आणि आप्पांकडे पाहिलं. मग आप्पांपुढे जाऊन खणखणीत भुंकला. खाली कोणी काही बोललं नाही.

आप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठले. "आलो, आलो," ते त्याला म्हणाले. "ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला." आणि त्यांनी खिशात हात घातला.